घाम आल्याचं नंतर कळतं

जुलै उजाडला की पुण्यात मुठेच्या काठाने संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. दिवसभर खुर्चीत बसून मान आखडलेली मंडळी ऑफिसातून थेट तिथे पोचतात, कंबरेला ढोल बांधतात आणि दोन-दोन तास उभ्याने वाजवतात. खांदे भरून येतात, तळहाताला फोड येतात, टिपरू धरून बोटं सोलवटतात. तरी दुसऱ्या दिवशी सगळे हजर. यांच्यातल्याच एखाद्याला जिमची वर्षभराची फी भरून द्या. तिसऱ्या आठवड्यापासून 'आज जरा उशीर झाला' सुरू होतं.

मेहनत दोन्हीकडे आहे. फरक आहे तो त्या वेळी मन कुठे असतं याचा. ट्रेडमिलवर मन समोरच्या आकड्याला चिकटलेलं असतं: अकरा मिनिटं झाली, अजून एकोणीस. पथकात ते ताशाच्या तर्रीकडे असतं, शेजारच्याचा हात चुकला का इकडे असतं, मिरवणुकीच्या दिवसाकडे असतं. पायांकडे आणि खांद्यांकडे बघायला त्याला सवडच नसते.

डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तवाचा हेडसेट चढवून घरातल्या घरात खेळता खेळता घाम काढायचा जो प्रकार गेल्या सात-आठ वर्षांत निघाला आहे, त्याचं मर्म मला याच जागी दिसतं. त्याने व्यायामाची गोडी लागते असं विकणारे सांगतात. ते कितपत खरं, आणि खरं असलं तर का, एवढंच इथे बघायचं आहे. 'प्रेरणा' हा शब्द मला थोडा व्यासपीठावरचा वाटतो. घरात आपण 'हुरूप' म्हणतो, 'मन होणं' म्हणतो. तेच शब्द धरू.

हे मन होणं किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. २०२२ च्या आकड्यांनुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ तेवढाही करत नाहीत. २००० साली हे प्रमाण साधारण २२ टक्के होतं. व्यायाम चांगला असतो हे या निम्म्यांना कुणी सांगितलेलं नाही, असं थोडंच आहे?

माझ्या वहिनी त्या निम्म्यांतल्याच. नाशिकला असतात, पन्नाशी आली आहे, साखर काठावर आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि त्यांना चालण्याचा मनस्वी कंटाळा. पुतणी मेलबर्नला शिकायला गेली तेव्हा आपला हेडसेट आईकडे सोडून गेली. सहा महिन्यांनी मी दिवाळीला गेलो, तर वहिनी हॉलमध्ये टीपॉय बाजूला सारून, पदर खोचून हवेत हात मारत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत, कारण मी दिसतच नव्हतो.

डब्याच्या आत

हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र दिसतं. प्रत्यक्षातही आपल्या दोन डोळ्यांना तसंच दिसतं, त्यामुळे मेंदू त्या दोन चित्रांतून खोली तयार करतो. मान वळवली की चित्र त्याच क्षणी वळतं, म्हणून आपण 'आत' आहोत असं वाटतं. फोन घालून वापरायचे पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे स्वस्त डबे २०१४ नंतर बरेच आले. त्यांना मान किती वळली एवढंच कळतं. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत किंवा खाली वाकलात, हे त्यांच्या गावी नसतं. त्यांत व्हिडिओ बघता येतो, व्यायाम होत नाही. व्यायामाला लागतो तो डोकं आणि दोन्ही हात खोलीत नेमके कुठे आहेत हे ओळखणारा हेडसेट. आधी असे हेडसेट कॉम्प्युटरला वायरने जोडावे लागायचे, आणि पायात वायर घोटाळत असताना कोण उड्या मारणार? २०१९ साली ऑक्युलस क्वेस्ट आला तो वायरीशिवाय, आणि तिथून हा प्रकार घराघरांत शिरायला लागला.

वहिनी जो खेळत होत्या त्याचं नाव बीट सेबर. प्रागमधल्या एका छोट्या चमूने केलेला हा गेम मे २०१८ मध्ये बाजारात आला. गाणं वाजतं. तालावर लाल आणि निळे ठोकळे तुमच्या अंगावर येतात. डाव्या हातात लाल तलवार, उजव्यात निळी. ठोकळ्यावरच्या बाणाच्या दिशेने तो कापायचा. मध्येच भिंत येते, तेव्हा खाली बसायचं. एका गाण्यात किती बैठका निघाल्या हे मोजायला कुणी थांबत नाही.

गुणांचा हिशोब बघण्यासारखा आहे. एका ठोकळ्याला जास्तीत जास्त ११५ गुण. ठोकळा बरोबर मधोमध कापला याचे त्यांतले फक्त १५. कापण्याआधी तलवार किती अंशांतून फिरवून आणली याचे ७० आणि कापल्यावर किती पुढे नेली याचे ३०. म्हणजे हात मोकळा, लांब फिरवला तरच गुण. चुकारपणाला जागा नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी खेळणाऱ्यांच्या तोंडाला मास्क लावून प्राणवायू किती खर्च होतो हे मोजलं, तेव्हा या गेमची मेहनत टेनिसच्या आसपास निघाली. मुष्टियुद्धाचे गेम याहून दमवतात.

आपल्याकडे लेझीमने हेच केलेलं आहे. दंड-बैठका म्हटलं की नाक मुरडणारं पोर हलगी वाजली की वाकतं, बसतं, उडी मारतं, आणि वर स्वतःहून 'सर, अजून एकदा' म्हणतं.

थकवा कुठे जातो?

थकवा म्हणजे पायात साठलेलं काहीतरी, अशी आपली कल्पना असते. काही अंशी ते खरं आहे. पण 'मी दमलो' हे शेवटी मेंदूने दिलेलं मत आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी हे मत मोजायला एक पट्टी केली, ती ६ ते २० अशी आहे. आकडे विचित्र वाटतात, पण त्यांना दहाने गुणलं की साधारण हृदयाचे ठोके येतात: ६० म्हणजे आरामात बसलेला निरोगी तरुण, २०० म्हणजे जिवाच्या आकांताने धावणारा. माणसाला विचारायचं, आत्ता किती दमल्यासारखं वाटतंय? आणि त्याने सांगितलेला आकडा खऱ्या ठोक्यांशेजारी ठेवून बघायचा. व्हीआरमध्ये खेळणाऱ्यांचा सांगितलेला आकडा अनेकदा खऱ्या मेहनतीपेक्षा कमी भरतो. अंग टेनिस खेळत असतं आणि मन म्हणतं, छे, थोडंसंच तर झालं.

याचं कारण लक्ष. लक्ष म्हणजे एका वेळी मोजकीच माणसं आत सोडणारं अरुंद दार आहे असं समजा. फुप्फुसांची धाप, मांडीतली जळजळ, कपाळावरचा घाम हे सगळे निरोप त्याच दारातून आत येतात. दारात आधीच गाणं, ठोकळे, बाण, भिंत यांची रेटारेटी असली तर शरीराचे निरोप बाहेर ताटकळत राहतात.

याचा सगळ्यांत मोठा पुरावा व्यायामातला नाहीच, तो दवाखान्यातला आहे. भाजलेल्या माणसाच्या जखमा रोज धुऊन, मेलेली कातडी काढून पट्टी बदलावी लागते. औषध देऊनही त्या वेळचं दुखणं भयानक असतं. सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांना हेडसेट घालून एका बर्फाळ दरीत नेलं. तिथे करायचं एवढंच: तरंगत पुढे जायचं आणि पेंग्विनांना, बर्फाच्या माणसांना हिमगोळे मारायचे. इकडे नर्स जखम धूत होत्या. रुग्णांनी सांगितलेली वेदना बरीच खाली आली, आणि पुढे मेंदूच्या चित्रणातही वेदनेशी निगडित भागांची हालचाल कमी झालेली दिसली. इतकं दुखणं जर दाराबाहेर थांबवता येत असेल, तर वीस मिनिटांच्या बैठकांचं काय मोठंसं.

पण या दाराला एक मर्यादा आहे आणि ती विकणारे सांगत नाहीत. व्यायाम करताना कसं वाटतं यावर पँटेलीमॉन एक्केकाकिस या संशोधकाने बरंच काम केलं आहे. त्याचं म्हणणं साधारण असं: मेहनत मध्यम असेपर्यंत बरं-वाईट वाटणं माणसागणिक बदलतं, आणि त्यात मनाचा मोठा वाटा असतो. एका पातळीच्या वर मात्र, जिथे श्वास कमी पडायला लागतो, जवळजवळ प्रत्येकालाच वाईट वाटतं. तिथे शरीर दार ठोठावत बसत नाही, फोडून आत येतं. संगीत, पेंग्विन, ठोकळे काही चालत नाही. घरगुती खूण सोपी आहे. खेळताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इथवर हेडसेट तुमच्या बाजूने आहे. दोन शब्द बोलायलाही थांबावं लागतंय, तर पुढची मेहनत तुम्ही स्वतःच्या हिमतीवर करता आहात. व्यायामाचा आधीच तिटकारा असलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळ्यांत अवघड पातळी लावून आडवं पडू नये, ते याचसाठी. त्या दिवसाची आठवण पुढचे पंधरा दिवस पाय मागे ओढते.

दाराच्या गोष्टीची दुसरी बाजू जास्त आनंदाची आहे. मैफलीत गवय्याला रंग चढतो, कॅरमच्या पोराला रात्रीचे अकरा वाजल्याचं भान राहत नाही, अशा अवस्थेचा अभ्यास मिहाय चिकसेंटमिहाई या हंगेरियन वंशाच्या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर केला. ती अवस्था यायला तीन गोष्टी लागतात असं त्यांना दिसलं. काय करायचं ते स्वच्छ ठाऊक हवं, जमलं की चुकलं ते लगेच कळायला हवं, आणि काम आपल्या कुवतीच्या जरासं वर हवं. फार सोपं असलं की कंटाळा, फार अवघड असलं की धास्ती. आता जिमकडे बघा. काय करायचं ते ट्रेनर सांगेल तेव्हा. जमलं का, ते तीन महिन्यांनी पॅन्ट सैल झाली तर. बीट सेबरमध्ये ठोकळा तिथल्या तिथे दोन तुकडे होऊन पडतो, हातातला कंट्रोलर, म्हणजे तलवारीची मूठ झालेलं यंत्र, थरथरतो, आणि पातळ्याही सोप्यापासून महाकठीणपर्यंत पाच आहेत. जेवढी कुवत तेवढं आव्हान. व्हीआरचा खरा गुण मला यात दिसतो, चकचकीत देखाव्यात नाही. देखावा चार दिवसांत ओळखीचा होतो.

बहुरूप्याचं अंग

आभासी जगात आपल्याला दुसरं शरीर मिळतं. त्याला अवतार म्हणतात; शब्द आपलाच, फिरून परत आलेला. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी दाखवलं की उंच अवतार मिळालेली माणसं पैशाच्या वाटाघाटीत जास्त ताठर वागतात. आपण कसे दिसतो यावरून आपण कसे वागायचं ते ठरवतो. बहुरूपी पोलिसाचा वेश चढवून गल्लीत आला की त्याचा आवाजही आपोआप पोलिसी होतो, तसंच.

व्यायामाशी याचा संबंध जेसी फॉक्स आणि बेलेन्सन यांनी २००९ मध्ये जोडला. काहींना आपल्याच चेहऱ्याचा अवतार ट्रेडमिलवर धावताना दाखवला, काहींना आपलाच अवतार नुसता उभा दाखवला, काहींना परका अवतार धावताना दाखवला. पुढच्या चोवीस तासांत जास्त व्यायाम केला तो पहिल्या गटाने. नंतर जर्मनीत मार्टिन कोकुर आणि सहकाऱ्यांनी लोकांना पिळदार अंगाचा अवतार देऊन सायकल चालवायला लावली, तर त्यांना मेहनत कमी वाटली आणि ठोकेही तुलनेने कमी राहिले.

हे वाचून चकित व्हायला होतं, पण मी याच्यावर फार भार टाकणार नाही. हे सगळे प्रयोग प्रयोगशाळेतले, थोड्या वेळाचे. रोज तेच पिळदार दंड बघून सहाव्या महिन्यातही तसंच वाटेल का, हा वेगळा प्रश्न आहे. वहिनींच्या गेममध्ये तर अंग दिसतच नाही, फक्त दोन तलवारी. आणि त्यांना तेच आवडतं. "जिममध्ये चारी भिंतींना आरसे, भाऊजी. आणि त्या कॉलेजच्या पोरी. इथे मी मलासुद्धा दिसत नाही." कुणी बघत नाही ही सोय एखाद्या प्रयोगात सहज मोजली जाणार नाही, पण जाड असल्याने, वयाने किंवा नुसत्या संकोचाने जिमच्या पायरीवरून परतलेल्या माणसाला ती किती मोठी असते, हे त्यालाच विचारा.

बिल्ल्यांचा घोळ

मन होण्याबद्दल गेल्या अर्धशतकात जे लिहिलं गेलं त्यात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा विचार सगळ्यांत टिकाऊ ठरला. एखादी गोष्ट माणूस आपणहून, कुणी न ढकलता करत राहावा असं वाटत असेल तर तिथे त्याला तीन गोष्टी मिळायला हव्यात. स्वतःची मर्जी: हे मी ठरवलं, माझ्यावर लादलेलं नाही. जम: मला हे जमतंय, कालच्यापेक्षा आज बरं जमतंय. आणि सोबत: इथे माझी माणसं आहेत. ढोल-ताशा पथकाला हा गज लावून बघा, तिन्ही पुरेपूर. 'डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून चाला' याला लावून बघा, मर्जी नाही, जम बसल्याचं कळायला मार्ग नाही, सोबतीला फक्त भटकी कुत्री.

हेडसेट पहिल्या दोन गोष्टी चांगल्या देतो. पण ॲप करणाऱ्यांना तेवढ्यावर चैन पडत नाही. मग येतात बिल्ले, पदकं, 'सलग तेवीस दिवस!' अशा ओळी, आणि चोविसाव्या दिवशी संध्याकाळी 'तुमची साखळी तुटणार' असा निरोप. याने हुरूप वाढतो असं कुणालाही वाटेल. इथे स्टॅनफर्डच्या आवारातल्या एका बालवाडीची गोष्ट सांगायला हवी. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी रंगीत स्केचपेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात नुसते ठेवून दिले. प्रशस्तिपत्राच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ पेनांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. आधी जो खेळ होता तो कबुलीनंतर काम झाला, आणि मजुरी बंद झाल्यावर काम कोण करतं?

म्हणून वहिनींच्या हेडसेटमधल्या सूचना मी आधी बंद करून दिल्या. साखळीच्या धाकाने केलेला व्यायाम आणि डॉक्टरांच्या धाकाने केलेला व्यायाम यांत मला फारसा फरक दिसत नाही. साखळी एकदा तुटली, समजा तापाने किंवा लग्नाला गावी गेल्याने, की माणूस सुस्कारा सोडतो आणि मोकळा होतो.

बिल्ल्यांची गरज नाही याचा पुरावा मुलं देतातच. गोरिला टॅग नावाचा एक गेम २०२१ मध्ये आला. चित्रं जुनाट, गोरिलाला पायच नाहीत. पुढे जायचं तर दोन्ही हातांनी जमीन रेटायची, झाडावर चढायचं तर दोन्ही हातांच्या मध्ये फांदी दाबून धरायची. बाकी सगळी आपली पकडापकडी. लाखो मुलं तो खेळली आणि घामाघूम झाली. त्या गेमवर कुठे 'फिटनेस' लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर त्यांतली निम्मी फिरकली नसती, असा माझा अंदाज.

सहावा आठवडा

आता वाईट बातमी. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा हिंडून आभासी प्राणी पकडायचा फोनवरचा गेम आला तेव्हा जगभर माणसं फोन धरून रस्त्यांवरून हिंडत होती. एका अमेरिकन अभ्यासगटाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांच्या पावलांचा हिशोब छापला. पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावलं वाढली. मग दर आठवड्याला आकडा उतरत गेला आणि सहाव्या आठवड्यात गेम घेण्याआधी होता तिथे परत आला. त्याच्या आधी, २०१२ मध्ये, ह्यूस्टनच्या संशोधकांनी मुलांना वी या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर अंग हलवून खेळायचे गेम घरी दिले, कमरेला हालचाल मोजणारं यंत्र लावलं आणि सुमारे तीन महिने वाट पाहिली. बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं जास्त हलली नाहीत. गेम दिला म्हणजे खेळला जातो असं नाही, आणि खेळला गेला तरी मुलं उरलेल्या वेळात तेवढीच लोळू शकतात.

नवलाई सगळ्याच गोष्टींची नऊ दिवसांची असते. हेडसेट तिला अपवाद नाही. कपड्यांचा स्टँड झालेल्या व्यायामाच्या सायकलीशेजारी त्याला जागा आहेच. उलट लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा पाठपुरावा केला तेव्हा एखादी कृती आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. नवलाई विरते आणि सवय अजून लागलेली नसते, अशी मधली काही आठवड्यांची दरी आहे. हेडसेट कपाटात जातो तो बहुतेक या दरीत.

ती ओलांडायला मदत करते ती तिसरी गोष्ट, सोबत. १९२०च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका नौकानयन मंडळातल्या गड्यांना जोडीने वजन उचलायला लावलं. जोडीतला कमी ताकदीचा गडी एकट्याने उचलताना जेवढा टिके, त्याहून जोडीत जास्त टिकला, कारण तो थांबला असता तर दोघांचंही थांबलं असतं. जोडीदार फार बलदंड असला तर मात्र हा परिणाम ओसरायचा. जरासाच वरचढ हवा. मिशिगन स्टेट विद्यापीठात डेबोरा फेल्ट्झ यांनी हाच प्रयोग पडद्यावरच्या जोडीदाराबरोबर केला, आणि प्लँकसारख्या व्यायामात माणसं एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकली. सोबत आभासी असली तरी चालते. खऱ्या माणसाची, पण दूरची, असली तर फारच छान.

लादी, पंखा, घाट

थोडं व्यवहाराचं. ज्यांना एसटीत घाट लागतो त्यांना हेडसेटची भीती वाटते, आणि ती अगदीच वेडगळ नाही. कारण एकच आहे: डोळे एक सांगतात आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव दुसरं. पण ज्या गेममध्ये तुम्ही जागेवर उभे असता आणि वस्तू तुमच्याकडे येतात त्यात हा गोंधळ जवळजवळ होत नाही. रोलर कोस्टरवर नेणारे, कंट्रोलरचं बटण दाबून चालवणारे गेम सुरुवातीला टाळावेत.

जागा दोन मीटर बाय दोन मीटर हवी, आणि फ्लॅटमध्ये वरही बघावं. उंच माणसाचा हात पंख्याच्या पात्याला पोचतो. घामाने लादी निसरडी होते. पायाखाली एक छोटी सतरंजी किंवा योगाची चटई ठेवावी. न बघता तळव्यांना कळतं की आपण मधोमध आहोत की सरकत टीव्हीकडे निघालो आहोत. अर्धा किलोचा हेडसेट चेहऱ्यावर असतो, त्यामुळे मानेचं दुखणं असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि हा पुरता व्यायाम नाही. हातात वजन नसतं, पाय फार लांब जात नाहीत. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा असं आरोग्य संघटना सांगते, तो हेडसेट देत नाही. जोर-बैठका वेगळ्या काढाव्याच लागतात.

एक गोष्ट मला खटकते ती मालकीची. सुपरनॅचरल नावाचं व्हीआर व्यायामाचं ॲप २०२० मध्ये अमेरिकेत आलं. दर महिन्याला पैसे भरायचे, कोच समोर येऊन हुरूप देणार. ते फेसबुकवाल्या मेटा कंपनीने विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा २०२२ मध्ये अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने कोर्टात हरकत घेतली. आयोग हरला आणि २०२३ च्या सुरुवातीला सौदा पुरा झाला. बीट सेबर करणारी कंपनीही २०१९ पासून त्याच मालकाची. तालमीची जागा गावाची असते, वस्ताद गेला तरी माती राहते. इथे हुरूपच भाड्याचा आहे, आणि घरमालक एकच.

वहिनींचं म्हणाल तर दिवाळीनंतर त्यांचाही उत्साह ओसरला. जानेवारीत हेडसेटवर धूळ होती. मग पुतणीने मेलबर्नला दुसरा घेतला आणि दोघींनी शनिवार ठरवून टाकला. आमची सकाळ, तिची दुपार. एकाच वेळी एकच गाणं, शेजारी शेजारी उभ्या असल्यासारख्या, गप्पा चालूच. शनिवारी लेकीसमोर फजिती नको म्हणून वहिनी मंगळवारी आणि गुरुवारीही सराव करायला लागल्या. कुठलीही साखळी नाही, बिल्ला नाही.

गंमत अशी की पुतणी निष्णात आहे. ती लागणारे अंश मनगटातून आणि कोपरातून काढते, ठोकळा बरोबर मधोमध कापते आणि गाणं संपल्यावर तिच्या श्वासातही फरक पडलेला नसतो. वहिनी प्रत्येक ठोकळ्याला खांद्यापासून हात फिरवतात, धुणं आपटल्यासारखा. दर शनिवारी त्या हरतात आणि दर शनिवारी घामाने निथळत खुर्चीत येऊन बसतात. गेल्या वेळी लेक तिकडून शिकवत होती, "आई, मनगट वापर गं, खांदा नको." मी मध्ये पडून म्हटलं, वहिनी, तिचं अजिबात ऐकू नका.